मांडवात देव सगळ्यांचा, कमानीवर फोटो कोणाचा?

पार्ल्याचा_खजिनदार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून टाकतो.

विलेपार्ले पूर्वेला आमचं छोटं सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ आहे. चार इमारती आणि एक जुनी चाळ, एवढाच पसारा. मी नऊ वर्षं खजिनदार आहे. २०२४ ला, म्हणजे विधानसभेच्या वर्षी, जुलैत पाटपूजनाच्या आधी एक इच्छुक उमेदवार आमच्या अध्यक्षांकडे आले. (पक्ष लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल.) मांडव, लायटिंग, आगमनाची मिरवणूक, सगळा खर्च आमचा म्हणाले. त्या बदल्यात कमानीवर त्यांचा फोटो आणि फोटोखाली एक ओळ. ओळ जशीच्या तशी देत नाही. अर्थ असा, की जो आपल्या धर्माचा, आपलं मत त्यालाच.

आमच्याकडे मांडववाल्याचे मागच्या वर्षीचे पैसे थकलेले होते. बैठक रात्री साडेबारापर्यंत चालली. शेवटी हात वर करून मतं घेतली. ११ विरुद्ध ८. पैसे नाकारले. मी नाकारणाऱ्यांत होतो. त्यानंतर तिघांनी मंडळ सोडलं, त्यातला एक माझा पहिलीपासूनचा मित्र. जाताना म्हणाला, "अरे, देवाचंच तर नाव होतं. बाकीच्यांच्या प्रार्थनास्थळांतून कोणाला मत द्यायचं ते सांगतात, मग सोवळं आपणच का पाळायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

मी देव मानणारा माणूस आहे. धर्माने राजकारणात पाऊलच टाकू नये असं मला वाटत नाही. पण ज्या आजींनी ५१ रुपयांची पावती फाडली त्यांनी ते पैसे गणपतीला दिलेत. त्या पैशाने उभ्या राहिलेल्या कमानीवर उभं राहून कोणी मत मागितलं, तर तो त्या आजींना न विचारता त्यांच्या भक्तीतला वाटा उचलतो असं मला वाटतं. हे नुसतं माझं वाटणं आहे, की कायद्यातही काही आहे? आणि बाहेरच्या जगात हे कसं हाताळतात? ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहावं.

डोंबिवली_फास्ट_डबा

वाचतेय. आमच्याकडे हाच प्रसंग आला होता, फक्त आम्ही घेतले पैसे. पुढच्या वर्षी वर्गणी मागायला गेलो तर दोन मजल्यांनी दारं उघडली नाहीत.

वांद्र्याची_वकील

खजिनदार, तुम्ही पार्ल्याचे, आणि या विषयावरचा देशातला सगळ्यात गाजलेला खटलाही पार्ल्याचाच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). उमेदवाराने, त्याच्या एजंटने किंवा त्यांच्या संमतीने आणखी कोणी धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावावर मत मागितलं, किंवा त्याच नावावर दुसऱ्याला मत देऊ नका म्हटलं, तर तो भ्रष्ट आचार ठरतो. धार्मिक चिन्हांचा वापरही त्यातच येतो. सिद्ध झालं की निवडणूक रद्द.

डिसेंबर १९८७ मध्ये पार्ल्यात विधानसभेची पोटनिवडणूक झाली. डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारात बाळासाहेब ठाकरेंची भाषणं झाली होती, ती पुरावा म्हणून कोर्टात आली. १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. याच निकालात न्या. जे. एस. वर्मा यांच्या खंडपीठाने असंही म्हटलं, की हिंदुत्व हा शब्द जीवनपद्धती या अर्थानेही येतो, नुसता उच्चारला म्हणून आपोआप गुन्हा होत नाही. लोकांच्या तोंडी तेवढंच राहिलं. त्याच निकालाने त्या उमेदवाराची आमदारकी मात्र वाचली नाही.

त्याच दिवशी दादरच्या १९९० च्या निवडणुकीचाही निकाल आला. उमेदवार मनोहर जोशी, जे तोवर मुख्यमंत्री झाले होते. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल, अशा अर्थाचं त्यांचं विधान होतं. ती एक आशा बोलून दाखवली, धर्माच्या नावावर मत मागितलं असं होत नाही, असं म्हणून कोर्टाने त्यांची निवडणूक ग्राह्य धरली.

तिसरा खटला सांताक्रूझचा, तोही १९९० चा, अभिराम सिंग यांचा. तो सात न्यायाधीशांपर्यंत गेला आणि २ जानेवारी २०१७ ला ४ विरुद्ध ३ असा सुटला. कलमात 'त्याचा धर्म' असे शब्द आहेत. तो कोणाचा? फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही? बहुमत म्हणालं, मतदाराचाही. म्हणजे समोरच्याच्या धर्माला हात घालून मत मागणंही बंद. दादर, सांताक्रूझ, पार्ले. पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावरच्या तीन स्टेशनांनी देशभराचा कायदा घडवला.

आता तुमच्या प्रसंगाची अडचण. या कायद्यात 'उमेदवार' म्हणजे ज्याचं नामनिर्देशन झालंय, किंवा झाल्याचा ज्याचा दावा आहे तो. जुलैत आलेला इच्छुक या व्याख्येत बसत नाही. फॉर्म भरायच्या आधीच्या गणपतीत कमानी उभ्या राहतात त्या याच फटीतून.

आणखी एक कायदा फार कमी लोकांना माहीत आहे. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखण्यासाठी १९८८ साली केंद्राने केलेला. प्रार्थनास्थळाची जागा किंवा निधी राजकीय कामासाठी वापरू नये, असा सरळ नियम. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तो सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे, हे तुमच्या मित्राला जरूर सांगा. दहा दिवसांचा मांडव त्यात बसतो की नाही यावर वाद घालता येईल, पण सार्वजनिक पूजेची जागा व्याख्येत आहे.

ठाकूरद्वारचा_दादा

मी तुमच्या मित्राच्या बाजूचा आहे आणि मोकळेपणाने लिहितो.

आमच्या गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो. १९०१ मध्ये लोकमान्य स्वतः तिथे येऊन गेले. माणसं एकत्र यावीत, इंग्रजाविरुद्ध बोलावीत, म्हणूनच तर घरातला गणपती चौकात आणला. मेळ्यांच्या, म्हणजे गणपतीपुढे गाणाऱ्या पथकांच्या, पदांत राजकारण होतं म्हणून पोलीस कान देऊन बसायचे. मग आज अचानक मांडवात राजकारण नको, हे कुठून आलं?

दुसरं. धर्म म्हणजे युरोपातलं चर्च नव्हे. आपल्याकडे पुत्रधर्म आहे, शेजारधर्म आहे, राजधर्म आहे. जो शब्द जगण्याच्या प्रत्येक कोपऱ्यात आहे तो फक्त मतदान केंद्राबाहेर चपलांसारखा काढून ठेवायचा, हे मला जमत नाही.

आणि तिसरं. सिद्धिविनायकाचे विश्वस्त १९८० च्या कायद्याप्रमाणे राज्य सरकार नेमतं. सरकार बदललं की अध्यक्ष बदलतो. म्हणजे राजकारणाला देवळात यायला मुख्य दरवाजा उघडा, आणि देवळातल्या माणसाने राजकारणावर बोललं की गुन्हा. हे पटवून द्या कोणीतरी.

पार्ल्याचा_खजिनदार

दादा, तिसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. विश्वस्त नेमताना पक्ष बघितला जातो तेव्हा मलाही तितकाच त्रास होतो. तोही आजींच्या पावतीतलाच वाटा आहे.

टिळकांचं मात्र वेगळं वाटतं. मेळ्यातलं पद सत्तेविरुद्ध होतं, म्हणणाऱ्याला त्यात तुरुंग मिळण्याची शक्यता होती. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांना खुर्ची हवी होती. चौकात बसलेल्या लोकांनी राजकारण बोलणं आणि एका माणसाने चौकच विकत घेणं, यात मला फरक दिसतो.

ठाकूरद्वारचा_दादा

'चौक विकत घेणं' यावर विचार करतो. पण मग साबणाच्या, बिल्डरच्या जाहिराती कशा चालतात? त्याही चौक विकतच घेतात ना?

नायगावकर

दादा, खजिनदार, तुम्ही दोघंही वर्गणीवर आलात म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. आमच्या बीडीडी चाळीत ही आजोबांकडून ऐकत मोठा झालो, नंतर वाचूनही खात्री केली.

१९२६. दादरचा सार्वजनिक गणपती. वर्गणी सगळ्यांकडून घेतलेली, अस्पृश्यांकडूनही. मग मूर्तीच्या पूजेचा मान त्यांना का नाही, असा प्रश्न प्रबोधनकार ठाकरे आणि रावबहादूर सी. के. बोले यांनी उभा केला. बाबासाहेबही त्यात होते. मोठं वादळ झालं. त्यानंतर प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्र सुरू केलं. म्हणजे 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ काय, हे याच शहरात, मांडवाच्या दारात भांडून ठरलं आहे.

म्हणून कोणी म्हटलं, की धर्म आणि राजकारण वेगळे ठेवा, की मी सावध होतो. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो धर्माचा होता की राजकारणाचा? साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले, ते? १४ ऑक्टोबर १९५६ चं धर्मांतर? बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं होतं, की इथे धर्माच्या कल्पना जन्मापासून मरणापर्यंत सगळं व्यापून बसल्या आहेत, म्हणून धर्माची व्याख्या मर्यादित ठेवली नाही तर समाजसुधारणेचा एकही कायदा करता येणार नाही. दादा, तुम्ही म्हणता धर्म जगण्याच्या प्रत्येक कोपऱ्यात आहे. खरं आहे. पाणवठ्यावरही तोच होता.

माझी भीती कायद्याबद्दल आहे. उद्या आमच्यातला एखादा उमेदवार उभा राहिला आणि म्हणाला, 'जातीमुळे आपल्या वस्तीवर अन्याय झालाय, तो मोडायला मला निवडून द्या', तर वकीलताई, सांताक्रूझच्या निकालाने त्याचंही तोंड बंद होतं का?

वांद्र्याची_वकील

तुमची भीती अस्थानी नाही. तीन न्यायाधीशांचं अल्पमत नेमकं हेच म्हणत होतं. न्या. चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या मताचा सूर असा, की ज्यांना जात-धर्म-भाषेमुळे शतकानुशतकं सोसावं लागलं त्यांची गाऱ्हाणी निवडणुकीत बोलता आली नाहीत तर लोकशाही पोकळ होईल. बहुमताचा भर मत मागण्यावर आहे, गाऱ्हाणं मांडण्यावर बंदी असा त्याचा अर्थ मी काढत नाही. पण भाषणात या दोन्हीतली रेघ कुठे, हे प्रत्येक वेळी पुराव्यावर ठरणार. मला स्वतःला अल्पमत जास्त पटतं.

कुर्ल्याची_ताई

मी कोकणी मुसलमान, माहेर श्रीवर्धनकडचं, लग्नानंतर कुर्ल्यात. 'बाकीच्यांच्या प्रार्थनास्थळांतून सांगतात' हे वाचलं आणि लिहायला बसले.

सांगतात, कधी कधी. खोटं बोलणार नाही. मतदानाच्या आधी कोणीतरी पत्रक काढतो, फोनवर मेसेज फिरतो. आमच्या घरात अब्बांनी असा कागद टेबलावर ठेवून सांगितलं होतं, 'नमाज कसा पढायचा ते मौलानांना विचारा, नळाला पाणी का नाही ते नगरसेवकाला विचारा.' आमच्याकडेही अशी माणसं आहेत, फक्त त्यांची बातमी होत नाही.

मला खरं दुखतं ते वेगळंच. राजकारण धर्माशी बोलायला येतं तेव्हा धर्मातल्या कोणाशी बोलतं? १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुसलमान बायका याच मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या, तोंडी तलाक बंद करा म्हणून. सात जणी! तेव्हा त्यांचं कोणी ऐकलं नाही. १९८५ मध्ये शाहबानोच्या बाजूने पोटगीचा निकाल लागला, तर १९८६ मध्ये संसदेने कायदा करून तो निष्प्रभ केला, कारण समाजाचे म्हणून जे पुढारी दिल्लीला गेले ते सगळे दाढीवाले पुरुष होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अयोध्येचं कुलूप उघडलं. एका हाताने यांना, दुसऱ्या हाताने त्यांना. पोटगी गेली ती मात्र बाईची.

तोंडी तलाक कोर्टाने रद्द केला तो २२ ऑगस्ट २०१७ ला. सात जणींच्या मोर्चानंतर ५१ वर्षांनी. आणि हाजी अलीला मजारीपर्यंत बायकांना जाता येईल, हे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं. निकाल अंमलात आल्यावर मी सासूबाईंना घेऊन गेले. त्या लहानपणी आत गेल्या होत्या, मध्येच कधीतरी बंद झालं होतं. त्यांनी जाळीला हात लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

म्हणून खजिनदार, तुमच्या आजींच्या पावतीची गोष्ट मला कळली. दर्ग्यातली चादर आमच्याही पैशाची असते.

नायगावकर

ताई, वाचून गलबललो. सात जणींचं माहीत होतं, पण ५१ वर्षांचा हिशेब कधी केला नव्हता.

बोटीवरचा

मर्चंट नेव्हीत २२ वर्षं. मूळचा माहीमचा. बाहेरच्या जगाचं विचारलंत म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं लिहितो.

इस्तंबूलला हागिया सोफिया मी दोनदा पाहिलं. मूळचं चर्च, १४५३ नंतर मशीद, अतातुर्कच्या काळात १९३५ मध्ये संग्रहालय झालं. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिकीट काढून आत गेलो. जुलै २०२० मध्ये सरकारने पुन्हा मशीद केली. दुसऱ्या खेपेला बूट काढून गेलो. इमारत तीच. मला तिथल्या एका शिपिंग एजंटने एक गोष्ट सांगितली ती जास्त लक्षात राहिली. तुर्कस्तान घटनेने धर्मनिरपेक्ष, पण १९२४ पासून तिथे धर्माचं सरकारी खातं आहे. इमामांचा पगार सरकार देतं आणि शुक्रवारचं प्रवचनही तिथूनच ठरतं. अतातुर्कने ते धर्माला लगाम घालायला काढलं होतं. लगाम तोच राहिला, घोड्यावर बसणारा बदलला. ठाकूरद्वारच्या दादांचा सिद्धिविनायकाचा मुद्दा वाचताना मला तोच एजंट आठवला.

फ्रान्सचं उलट. १९०५ च्या कायद्याने सरकारने सगळ्या धर्मांना पैसे देणं बंद केलं. पण स्ट्रासबुर्गच्या बाजूला अल्सास भागात आजही पाद्र्यांचा पगार सरकारी तिजोरीतून जातो, कारण १९०५ मध्ये तो भाग जर्मनीकडे होता, आणि परत आला तेव्हा जुनी व्यवस्था तशीच राहू दिली. कडक तत्त्वाच्या देशातही इतिहासाने एक खिडकी उघडी ठेवली आहे.

अमेरिकेत १९५४ पासून करमाफी असलेल्या चर्चने उमेदवाराचा प्रचार करू नये असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो यावर तिथे सतत वाद चालू असतो.

आणि इराण. बंदर अब्बासला कितीदा गेलो. १९७९ पासून धर्मगुरूच राज्यकर्ते. २०२२ मध्ये महसा अमिनी हिजाबवरून पोलिसांच्या ताब्यात गेली आणि तिचा मृत्यू झाला, त्यानंतर मुलींनी रस्त्यावर हिजाब जाळले. धर्मच सरकार झाला, की सरकारवरचा सगळा राग धर्मावर निघतो. मी भाविक माणूस आहे, जहाजावर माझ्या केबिनमध्ये गणपती असतो. मला धर्माची काळजी वाटते म्हणून हे लिहितोय.

निवृत्त_हवालदार

मला टायपिंग हळू येतं, सांभाळून घ्या.

डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगलीत मी मध्य मुंबईत ड्युटीवर होतो. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. आकडा वाचणं वेगळं आणि प्रेताच्या शेजारी पंचनामा होईपर्यंत उभं राहणं वेगळं. त्या डिसेंबरच्या शेवटी रस्त्यावरच्या नमाजाला उत्तर म्हणून महाआरत्या सुरू झाल्या. मी आरती लहानपणापासून म्हणतो. आरती संपल्यावर गर्दी घरी जाते हे मला माहीत होतं. महाआरती संपल्यावर गर्दी घरी न जाता गल्लीत शिरताना मी पाहिली. तेव्हा मला कळलं की देव तोच, शब्द तेच, पण बोलावणारा कोण आणि कशासाठी बोलावतोय यावर सगळं ठरतं.

तेव्हा भिवंडी शांत राहिली. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, कारण आधी तिथे मोठे दंगे झाले होते. तिथे सुरेश खोपडे साहेबांनी काही वर्षं आधीच मोहल्ला कमिट्या बांधल्या होत्या. पोलीस, दुकानदार, मौलवी, मंडळवाले महिन्यामहिन्याला एकत्र बसायचे. नंतर मुंबईतही तसं काम सुरू झालं, रिबेरो साहेब आणि सतीश साहनी साहेब होते त्यात. मीही बैठकांना बसलो. सुरुवातीला कोणी कोणाकडे बघायचं नाही. तिसऱ्या की चौथ्या बैठकीला एकाने गटाराचा विषय काढला. मग सगळे बोलायला लागले.

त्यानंतर बरीच वर्षं बंदोबस्त केला. एक अनुभव सांगतो. ज्या मंडळाच्या कमानीवर कोणाचाच फोटो नाही, त्या मंडळाची मिरवणूक मशिदीवरून जाताना मला कधी जादा माणसं मागवावी लागली नाहीत.

ठाकूरद्वारचा_दादा

हवालदारकाका, नमस्कार करतो. माझ्या मुद्द्यांवर मी अजून आहे, धर्म काढून ठेवता येत नाही. पण बोलावणारा कोण, हे मी मोजलं नव्हतं. आमच्या मंडळातही पुढच्या बैठकीत कमानीचा विषय घेईन. साबणाच्या जाहिरातीचं उत्तर मात्र कोणी दिलं नाही.

पार्ल्याचा_खजिनदार

दादा, प्रयत्न करतो. साबणवाला मला साबण घ्यायला सांगतो. नाही घेतला तर मी त्याच्या लेखी कमी भक्त ठरत नाही. त्या ओळीखाली उभं राहून ज्याने दुसऱ्याला मत दिलं असतं, तो आमच्याच मांडवात परका ठरला असता. आमच्या चाळीत एक ख्रिस्ती कुटुंब आहे. वडिलांपासून वर्गणी देतात, विसर्जनाला ट्रकवर पाणी तेच वाटतात. त्या कमानीखालून ते आत कसे आले असते, हे मी त्या रात्रीच्या बैठकीत बोलायला हवं होतं. सुचलं नाही.

सगळ्यांचे आभार. धागा मित्राला पाठवला होता. काल रात्री फोन आला, चाळीस मिनिटं बोललो. तो अजून म्हणतो की पैसे घ्यायला हवे होते. पण मांडववाल्याची थकबाकी कशी फेडली ते त्याने विचारलं, आणि पाटपूजनाला येतो म्हणाला.

मंडळाच्या सभेत मांडायला ठराव लिहिलाय, वकीलताई जरा बघाल का? 'निवडणुकीच्या वर्षी मंडळाच्या मांडवात, कमानीवर, पावतीपुस्तकावर व मिरवणुकीत कोणत्याही पक्षाचे, पदाधिकाऱ्याचे अथवा इच्छुक उमेदवाराचे नाव, छायाचित्र वा चिन्ह असणार नाही. अशा व्यक्तींची वर्गणी इतर रहिवाशांप्रमाणेच पावती देऊन स्वीकारली जाईल.'

वांद्र्याची_वकील

चांगला आहे. 'निवडणुकीच्या वर्षी' हे शब्द तेवढे काढा.

पार्ल्याचा_खजिनदार

काढले.